शनिवारची चावी

घरातली साखर संपली की आधी राग येतो, आणि राग आला की तो काढायला कुणीतरी लागतं. सासू सुनेवर काढते, सून पोरांवर, नवरा बिचाऱ्या कपबशीवर. वाचकहो, हे तुमच्याकडे होतं आणि आमच्याकडेही होतं. पण साखर जेव्हा अख्ख्या गावाच्या डब्यांतून संपते, तेव्हा सगळ्या गावालाच राग येतो आणि मग गावही कुणीतरी शोधू लागतं.

त्या छोट्या बंदरात असंच झालं. समुद्र खवळलेला होता. बोटी किनाऱ्याला न लागता परस्पर पुढच्या बंदराला निघून जात. धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्लीत दोरखंडांचं एक दुकान होतं. दुकानदाराच्या बायकोला सगळे दोरवालीण म्हणत. तिची पहिलीच मुलगी अजून अंगावर पीत होती. जाड दोराच्या वेटोळ्यात मऊ चादर अंथरून दोरवालीण तिला दुकानातच निजवायची. डांबराच्या वासाशिवाय पोरीचा डोळा लागत नसे. "मोठी झाली की अत्तराने शिंकेल ही!" असं आत्या म्हणायच्या. आत्या म्हणजे दोरवाल्याची आत्या. दिसायचं कमी, पण हाताला सगळं समजायचं. दिवसभर दाभण घेऊन दोराची टोकं एकमेकांत गुंफत बसायच्या. जीभ मात्र दाभणापेक्षा टोकदार.

भिंतीला भिंत लागून किराण्याचं दुकान होतं, एका ज्यू कुटुंबाचं. आजोबा, आजी, मुलगा, सून, सगळे त्यात राबत. आजोबांच्याही आजोबांनी ते थाटलेलं. पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे काका, तेही ज्यूच. शुक्रवारी सूर्य बुडाला की या मंडळींचा विसाव्याचा दिवस सुरू होई. शनिवारी अंधार पडेपर्यंत ती दुकान उघडत नसत, दिवा पेटवत नसत, खिशात चावी घेऊन रस्त्याने चालतसुद्धा नसत. घरंही त्यांची वर, चढावर. म्हणून गल्लीत एक रीत पडली होती. शुक्रवारी उन्हं उतरताना आजोबा कुलूप लावत आणि चावी दोरवाल्यांकडे आणून देत. घड्याळवाले काका आपली चावी शेजारच्या पाववाल्याकडे ठेवत. उधाणाचं पाणी शिरलं, आग लागली, तर दार उघडायला कुणीतरी हवं ना! रविवारी दोरवाल्याचं दुकान बंद, तेव्हा त्यांची चावी आजोबांकडे. कुणी कुणाला लिहून दिलं नव्हतं, की कुणी शपथ घातली नव्हती.

अशाच एका शुक्रवारी, दिवस कलता कलता, एक बोट धक्क्याला लागली. साखर आली होती! पण सूर्य काही कुणासाठी थांबत नाही. आजोबांच्या घरची सगळी माणसं धावली. मुलगा गाडीवरून पोती उतरवतोय, सून आत ढकलतेय, आजी एका टोकाला धरून ओढतायत आणि आजोबा "आटपा, आटपा!" करत आकाशाकडे बघतायत. शेवटचं पोतं आत गेलं आणि फळ्या लागल्या. पिशव्या घेऊन आलेल्या बायका बंद दारासमोर उभ्या राहिल्या.

"आता हो काय?" औषधवाल्याच्या बायकोने विचारलं.

दोरवालीण मुलीला थोपटत हसत म्हणाली, "पळापळ बघायला हवी होती तुम्ही! आजीसुद्धा पोती ओढत होत्या, जसा काही मागे शिपाईच लागलाय. आता रविवारपर्यंत त्या साखरेला मुंगीसुद्धा शिवायची नाही."

दोघी हसल्या. एवढंच. त्यात कपट नव्हतं, की वाईट इच्छाही नव्हती. पण गोष्ट एकदा तोंडातून निघाली की ती आपली राहत नाही. ती ज्याच्या घरी जाते त्याचे कपडे घालते.

रविवारी सकाळी आजोबांनी दार उघडलं. नेहमीच्या भावाने, प्रत्येक घराला थोडी थोडी पुरेल अशी, साखर वाटावी तशी विकली. संध्याकाळपर्यंत पोती रिकामी झाली. रिकामी पोती त्यांनी दारातच झटकून वाळत टाकली. गावाने ती पाहिली.

आणि तरीही सोमवारी नळावर कुणीतरी म्हणालं, "ती दाखवायची साखर होती. खरी आत आहे. म्हणून तर शिपाई मागे लागल्यासारखे पळत होते ना!"

दोरवालिणीच्या हातातली बादली तिथेच थांबली. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. बोलावं, असं तिला वाटलं. पण मुलीला पाजायची वेळ झाली होती, बादली भरली होती, आणि मागच्या बाईने "सरका हो" म्हटलं. ती सरकली.

त्या आठवड्यात गल्लीची हवाच बदलली. आजोबांच्या दारातल्या बाकावर एरवी खलाशी, म्हातारे, उनाड पोरं, कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. आता ते बाकडं दिवसभर रिकामं. लोक दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूने जात आणि चालताना मान खाली घालत. बुधवारी एक माणूस दोरवालिणीकडे डांबर घ्यायला आला. लहानसा डबा. खलाशी दिसत नव्हता, होडीचं नाव विचारलं तर "आहे एक" म्हणाला, आणि भावही केला नाही. गुरुवारी सकाळी घड्याळवाल्या काकांच्या पाटीवर काळं फासलेलं होतं. डांबर ओघळून उंबऱ्यावर थिजलं होतं.

दोरवालीण तिथे उभी राहिली. तिला वास ओळखायला वाकावंसुद्धा लागलं नाही.

त्याच दुपारी पाववाला काकांकडे गेला आणि हात जोडून उभा राहिला. "काका, यापुढे तुमची चावी माझ्याकडे नको. माझ्या भट्टीवर चार माणसं पोट भरतात." काकांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं, एवढंच.

शुक्रवार उजाडला. सकाळी दोरवाला बाहेरून आला तो गप्प गप्प. माणूस मुळातच सौम्य. कुणी पायावर पाय दिला तर "माझाच मध्ये आला" म्हणणारा.

"काय झालं?" दोरवालिणीने विचारलं.

"व्यापारी मंडळाच्या चिटणीसांनी बोलावलं होतं. म्हणाले, उद्या शनिवारी चार मंडळी घेऊन येतो. चावी तुमच्याकडे असतेच. नुसतं आत बघू. काही नसलं तर त्यांचंच नाव स्वच्छ होईल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो नाही म्हटलं."

"म्हणजे नाही म्हणालात?"

"नाहीही नाही म्हटलं."

कोपऱ्यातून आत्यांचा आवाज आला, "वा! म्हणजे दाराच्या मधोमध उभा राहून आलास. आत जाणाऱ्यालाही अडचण, बाहेर येणाऱ्यालाही."

"आत्या, चिटणीस म्हणजे साधा माणूस नाही. होडीवाल्यांत त्याचा शब्द चालतो. धक्क्यावर नवं किराणा दुकान काढतोय..."

"ते मला दिसत नाही तरी ठाऊक आहे," आत्या म्हणाल्या.

दोरवाला बंदरावर निघून गेला. दोरवालीण मुलीला पाजत बसली. तिच्या मनात एकच इच्छा होती आणि तिची तिलाच लाज वाटत होती. आज आजोबांनी चावी आणू नये! त्यांनीच आणली नाही तर आपण सुटलो. त्यांना आपला भरवसा वाटला नाही, असं म्हणता येईल.

"आत्या," ती शेवटी म्हणाली, "आज चावी घ्यायला नको म्हणून सांगू या का? आपलं लहान मूल आहे हो."

आत्यांनी दाभण खाली ठेवलं नाही. "मूल आहे म्हणूनच विचार कर. तिला कसल्या गल्लीत वाढवायचंय?"

"पण नुसतं बघतो म्हणतायत. काही नसेल तर..."

"ऐक. साखर निघाली तर आजोबा चोर. नाही निघाली तर पक्के चोर, कुठे दडवली त्याचा पत्तासुद्धा लागू दिला नाही म्हणून! रिकामी पोती सगळ्या गावाने बघितली ना? मग आणखी काय बघायचंय? ज्या तपासात सुटायची वाटच नाही, त्याला तपास म्हणत नाहीत बाई."

दोरवालिणीने मुलीला दुसऱ्या कुशीला घेतलं.

"आणि कुलूप तोडायला त्यांना किती वेळ लागणार आहे? पहारीचा एक दणका. तरी ते तुझ्याकडे चावी मागतायत. का? कुलूप तोडलं तर ती लूट होते. शेजाऱ्याने चावी दिली तर ती चौकशी होते. त्यांना साखर नको गं, त्यांना तुझा हात हवा आहे."

"आजोबांचे आपल्यावर उपकारच आहेत," दोरवालीण हळूच म्हणाली. "हिच्या वेळी मी अडले होते, तो रविवार होता. परदेशी बोटीला तातडीने दोर हवा होता, तर आजोबांनीच आपलं दुकान उघडून दिला. हातभरही कमीजास्त झाला नाही."

"ते खरं. पण उपकार फेड म्हणून मी सांगतच नाहीये!" आत्या चिडल्याच. "त्यांनी उपकार केला नसता, वर तोंडाने तिखट असते, तरी हेच सांगितलं असतं. भल्या शेजाऱ्याचंच दार राखायचं आणि बाकीच्यांचं उघडून द्यायचं, असं असतं होय?"

दोरवालिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, ती पळापळीची गोष्ट... मीच हसत सांगितली होती."

आत्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. त्यांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "मग तुला तर ठाऊक आहे ना, ती कुठून निघाली ते. जिथून निघाली तिथेच अडवता येते."

उन्हं उतरली. आणि आजोबा आले. दर शुक्रवारसारखा स्वच्छ कोट, विंचरलेली दाढी. पण चावी पुढे करून त्यांनी ती लगेच सोडली नाही.

"सूनबाई, नको असेल तर सांग. मी रागावणार नाही."

या घटकेची दोरवालीण सकाळपासून वाट पाहत होती. एक शब्द, आणि ती सुटली असती.  

"असं काय म्हणता आजोबा," ती म्हणाली, "ठेवा ना. दर शुक्रवारचंच आहे." आणि तिने चावी घेतली. नेहमीसारखी खिळ्यावर मात्र टांगली नाही. झग्याच्या आतल्या खिशात टाकली.

शनिवारी सकाळी गल्लीत एकही पोर खेळत नव्हतं. पोरांना आधी कळतं. वरच्या खिडक्या एकामागून एक बंद होत गेल्या. मग पावलं वाजली, पुष्कळ पावलं, आणि त्यांच्यामागून एक चाक करकरत आलं. घोळक्यात पाववाला होता, औषधवाल्याची बायको होती, नळावरच्या बायका होत्या. रोज "काय म्हणतेस" विचारणारी माणसं! आज त्यांतलं एकही तिच्याकडे बघेना. पुढे चिटणीस, तोंडावर साखर विरघळल्यासारखं हसू.

"काय सूनबाई, बाळ बरं आहे ना? आम्ही फार वेळ घेत नाही. दोरवाले, चावी तेवढी द्या. नुसतं बघायचंय."

दोरवाल्याने सवयीने खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा! त्याने बायकोकडे पाहिलं. ती मुलीला कडेवर घेऊन उभी होती आणि तिची नजर घोळक्याच्या डोक्यांवर नव्हती, हातांवर होती. नीट घडी घातलेल्या पिशव्या. काखेत गुंडाळलेली गोणपाटं. आणि मागे ती करकरणारी हातगाडी, रिकामी.

 मुलीने आईचा गळा घट्ट धरला.

"चिटणीससाहेब," ती म्हणाली, "नुसतं बघायचं आहे, तर हातगाडी कशाला आणली?"

हातगाडीवाल्याने मान वळवून आपल्याच गाडीकडे पाहिलं.

"बघायला डोळे लागतात. या पिशव्यांत काय डोळे भरून आणलेत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. औषधवाल्याच्या बायकोने आपली पिशवी पाठीमागे नेली. ते तिच्याही नकळत झालं, पण सगळ्यांनी पाहिलं! मग दुसऱ्या बाईचा हात मागे गेला, मग तिसरीचा.

"वहिनी," दोरवालीण औषधवाल्याच्या बायकोकडे वळली, "ती पळापळ मी तुम्हाला हसत सांगितली होती. शिपाई मागे लागल्यासारखे, असं मीच म्हटलं होतं. चुकलं माझं. ते पळत होते, कारण सूर्य बुडाला की त्यांचं काम थांबतं. दर शुक्रवारी पळतात. आपल्या आया त्यांच्या पळापळीवरून तिन्हीसांजेची वेळ ओळखायच्या! हे आपल्याला ठाऊक नाही? साखर होती तोवर ठाऊक होतं, साखर संपल्यावर विसरलो?"

"चावी कुठे आहे?" चिटणीसांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"माझ्याकडे. ज्यांची आहे ते येतील तेव्हा त्यांना मिळेल."

"दोरवाले, बायकोला समजवा. नाहीतर उद्यापासून बंदरावर तुमचा दोर कोण घेतो ते बघतो. सुंभ जळून जाईल सगळा!"

सगळ्यांनी दोरवाल्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच उभा होता, खांदे पाडून.  मग दुकानातून उतरला, चार पावलं चालून गेला आणि आजोबांच्या बंद दारासमोरच्या त्या रिकाम्या बाकड्यावर बसला.

"जळू द्या," तो म्हणाला. "पीळ राहील."

आत्या आतून एवढ्या मोठ्याने हसल्या की मुलगीही दचकून हसली.

एक दगड आला. कुणी मारला ते दिसलं नाही. आजोबांच्या दुकानाच्या पाटीला लागून तो दोरवाल्याच्या पायाशी पडला. तो उठला नाही. हातगाडीवाल्याने गाडी वळवली, चाक पुन्हा करकरलं, आणि त्या आवाजाने जणू सगळ्यांना निमित्तच मिळालं. माणसं पांगू लागली. चिटणीस सगळ्यांत शेवटी गेले. जाताना म्हणाले, "शनिवार दर आठवड्याला येतो."

रविवारी सकाळी आजोबा दुकानात आले, आपली चावी घ्यायला आणि दोरवाल्यांची ठेवून घ्यायला. दोरवालिणीने काही लपवलं नाही. हसून सांगितलेली गोष्ट, विकलेलं डांबर, सगळं सांगितलं. आजोबांनी वाकून दोराच्या वेटोळ्यात झोपलेल्या मुलीची चादर सारखी केली.

"शुक्रवारी घरात सामान बांधायला काढलं होतं," ते म्हणाले. "आमची ही म्हणाली, चावी समुद्रात टाका, पण कुणाच्या हातात देऊ नका. मी म्हटलं, एकदा देऊन बघतो. शेजाऱ्याकडे चावी ठेवता येत नसेल, तर आपलं गाव आधीच सुटलं. मग नुसतं सामान उचलायचं राहतं."

"आणि आता?"

"आता ही पेटी उघडून ताटं परत फळीवर लावतेय. मला शिव्या देत देत." ते हसले. पण सगळं सामान सोडलं का, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

चिटणीसांनी आपला शब्द खरा केला. होडीवाले दोर घ्यायला पुढच्या गल्लीत जाऊ लागले. दोरवाल्याच्या घरी दिवस ओढगस्तीचे आले. तरी नळावर आता दोरवालीण सरकत नाही. कुणी "ऐकलं का गं" म्हणून सुरू केलं, की ती बादली खाली ठेवते आणि विचारते, "तू स्वतः बघितलंस?" पुष्कळ गोष्टी तिथेच संपतात.

इकडे पाववाल्याला झोप लागेना. पुढच्या शुक्रवारी उन्हं उतरायच्या आत तो भट्टीवरून तसाच उठला आणि कोपरापर्यंत पीठ लागलेले हात घेऊन घड्याळवाल्या काकांच्या दारात गेला. "काका, द्या ती चावी," एवढंच त्याला म्हणायचं होतं. दाराला कुलूप होतं. काचेआडची घड्याळं काढून नेलेली, भिंतीवर त्यांच्या जागी फिकट गोल डाग. काका सकाळच्या बोटीनेच गेले होते, बायकोमुलांसकट, कुणाचाही निरोप न घेता. ज्याचा निरोप घ्यावा असं कुणी इथे उरलंय, हे त्यांना वाटलंच नसणार. पाववाला तो हात पुढे धरून कितीतरी वेळ त्या दारापुढे उभा होता.

वाचक बंधुभगिनींनो, अन्याय आपल्या दारात येतो तेव्हा हातात पहार घेऊन येत नाही. तो गोड बोलतो, बाळाची चौकशी करतो आणि फक्त एक चावी मागतो. आपण वाईट व्हावं, एवढीही त्याची गरज नसते. आपण गप्प बसलो, हसून एखादी गोष्ट पुढे ढकलली, 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही म्हटलं, की त्याचं काम होतं. म्हणून ऐकलेलं सांगण्याआधी थांबा. ज्यांचा विसाव्याचा दिवस आपल्यापेक्षा वेगळा आहे, त्यांचं दार आपलंच समजून राखा. आणि 'नाही' म्हणायचं असेल तर आजच म्हणा. दोरवालिणीने वेळेवर म्हटलं, पाववाला अर्धा दिवस उशिरा पोचला. तिच्या शेजारी आजही दुकान उघडतं. त्याच्या शेजारी कुलूप आहे, आणि त्याची चावी आता गावात कुणाकडेच नाही.